तिकीट कोणी काढायचं?



मुंबईत पहिली ट्राम ९ मे १८७४ रोजी धावली. तिला घोडे जोडलेले असत. एक मार्ग कुलाब्याहून पायधुणीपर्यंत, भाडं तीन आणे. गंमत अशी की सुरुवातीला या ट्रामला तिकीटच नव्हतं. पैसे द्यायचे आणि बसायचं, एवढाच व्यवहार. गर्दी वाढली, भाडं दोन आण्यांवर आलं, आणि मग मालकांच्या लक्षात आलं की बरीच मंडळी पैसे न देताच उतरून जातात! तेव्हा त्याच वर्षी तिकिटं देणं सुरू झालं. म्हणजे आपण लहानपणी ज्याच्या गड्ड्या जमवत होतो ते तिकीट मुळात भाडं चुकवणाऱ्यांना आळा घालायला जन्माला आलं.

हे आठवायचं कारण म्हणजे 'फुकट बस' हा विषय. हल्ली चार माणसं जमली की तो निघतोच. बायकांना मोफत, म्हाताऱ्यांना मोफत, मग उद्या सगळ्यांनाच मोफत का नको? त्यावर दुसरा कोणीतरी ताडकन म्हणतो, "फुकट ते पौष्टिक! या रेवड्यांनी देश बुडणार." दोन्ही बाजूंचा आवाज चढतो आणि चहा निवतो. मला वाटतं, या भांडणात इतिहास कोणी विचारातच घेत नाही. शहराची बस मोफत करून पाहण्याचा प्रयोग काही आजचा नाही, त्याला साठ वर्षं उलटून गेली. काही ठिकाणी तो टिकला, काही ठिकाणी गुंडाळला गेला. दोन्हींतून शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ कॉमर्स नावाचं छोटं शहर आहे. तिथली बस १९६२ पासून मोफत आहे. इटलीतल्या बोलोन्या शहराने १९७३ मध्ये गर्दीच्या वेळी बस सगळ्यांना मोफत केली. फ्रान्समधल्या काँपिएन्यने १९७५ मध्ये तेच केलं. पण या विषयावर बोलताना सगळे ज्या गावाचं नाव घेतात ते म्हणजे बेल्जियममधलं हासेल्ट. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढं, सत्तर हजारांच्या आसपास वस्तीचं. त्याची गोष्ट जरा सविस्तर सांगतो.

१९९० च्या दशकात हासेल्टच्या रस्त्यांवर मोटारींची दाटी झाली होती. गावाभोवती एक वळणरस्ता होता, त्याच्या बाहेर दुसरा होता, आणि आता तिसरा बांधायचा घाट चालला होता. पालिकेवर कर्ज. त्यावेळचे महापौर स्टीव्ह स्टेव्हार्ट. हा गृहस्थ राजकारणात येण्याआधी खानावळी-कॅफे चालवायचा, त्यामुळे हिशेब त्याला चांगला कळत असणार. त्याने तिसरा रस्ता रद्द केला. आतल्या वळणरस्त्यावर मोटारींची जागा कमी करून झाडं लावली, पायी चालणाऱ्यांना आणि सायकलींना जागा दिली. आणि १ जुलै १९९७ पासून शहरातली बस मोफत केली. एवढ्यावर तो थांबला नाही, बसची आणि मार्गांची संख्याही वाढवली. आधी मोजक्या बस होत्या, काही वर्षांत त्यांच्या चाळीसहून जास्त झाल्या.

१९९६ मध्ये हासेल्टच्या बसने वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास फेऱ्या होत होत्या. २००६ मध्ये त्या ४६ लाखांवर गेल्या. जगभरचे लोक हे गाव बघायला येऊ लागले.

मग काय झालं? सोळा वर्षांनी, २०१३ मध्ये, हासेल्टने हा निर्णय मागे घ्यायचं ठरवलं. प्रौढांना पुन्हा तिकीट आलं. लोक कंटाळले म्हणून नव्हे. प्रवासी वाढले तशी बस वाढवावी लागली, खर्च वाढला, आणि तो उचलणाऱ्या पालिकेने आणि प्रांतिक सरकारने हात आखडला. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, हे आपल्या आज्या सांगून गेल्याच आहेत.

विरोधक हासेल्टचा शेवट सांगतात, समर्थक त्याची सुरुवात सांगतात. मला दोन्ही एकत्र वाचायला हवीत असं वाटतं. लोक बसमध्ये आले ते तिकीट नव्हतं म्हणून आणि बसही होती म्हणून. आणि प्रयोग थांबला तो तिकिटाच्या जागी दुसरा कायमचा पैसा उभा केला नव्हता म्हणून.

आता हा दुसरा पैसा कुठून येतो? इथे फ्रान्सचं उदाहरण बघण्यासारखं आहे. फ्रान्समध्ये १९७० च्या दशकापासून एक कर आहे. ठरावीक संख्येपेक्षा जास्त माणसं कामाला ठेवणाऱ्या मालकाला पगाराच्या रकमेवर काही टक्के शहराच्या वाहतुकीसाठी भरावे लागतात. विचार सरळ आहे. कामगार वेळेवर कामावर पोचतो याचा फायदा कारखानदाराला होतो, दुकानात गिऱ्हाईक पोचतं याचा फायदा दुकानदाराला होतो, मग बसच्या खर्चात त्यांचा वाटा हवाच. उत्तरेकडचं डंकर्क हे बंदर (दुसऱ्या महायुद्धाच्या इतिहासात आपण शिकवायचो तेच) आणि आसपासची गावं मिळून दोन लाखांची वस्ती. तिथे बसच्या एकूण खर्चात तिकिटाचा वाटा जेमतेम दहा टक्के होता. बाकीचा पैसा असाही करातूनच येत होता. त्या दहा टक्क्यांसाठी यंत्रं, तपासनीस, छपाई, हिशेब हा सगळा पसारा! १ सप्टेंबर २०१८ पासून त्यांनी तिकीट बंद केलं आणि मार्गांची आखणीही नव्याने केली. वर्षभरात शनिवार-रविवारची प्रवाशांची संख्या दुपटीवर गेली.

लक्झेंबर्गने तर २९ फेब्रुवारी २०२० रोजी सबंध देशाची बस, ट्राम आणि रेल्वेचा दुसरा वर्ग मोफत केला. तिथे तिकिटातून वर्षाला चार कोटी युरोच्या आसपास मिळत होते आणि खर्च पन्नास कोटींच्या वर होता. श्रीमंत देश, त्यांना ते परवडलं असं आपण म्हणू. पण एक गोष्ट लक्षात घ्या. तिकिटातून सगळा खर्च भागतोय आणि आता तो बुडणार, अशी स्थिती तिथे आधीही नव्हती. बहुतेक भार समाज उचलतच होता. प्रश्न उरलेल्या तुकड्याचा होता.

आणि हे काही परदेशी खूळ नाही बरं का. मुंबईत बेस्टने कित्येक वर्षं नेमकं हेच केलं. बेस्टकडे बस होती आणि मुंबई शहराच्या दक्षिण भागाचा वीजपुरवठाही होता. विजेत नफा, बसमध्ये तोटा. विजेच्या नफ्यातून बसचा तोटा भरून निघे. नरिमन पॉइंटच्या उंच कचेरीत वातानुकूलन चालायचं, त्याच्या बिलातला काही अंश पार उपनगरातल्या बसच्या डिझेलला लागायचा. डंकर्कच्या मालकांवरच्या कराचाच हा आपला घरगुती अवतार म्हणा ना! २००३ च्या वीज कायद्यानंतर यावर आक्षेप आले, वाद झाले, आणि ही वाट हळूहळू बंद झाली. बेस्टचं आर्थिक दुखणं बळावलं त्याचं हे एक मोठं कारण.

दुसरा आक्षेप असा की बस मोफत केली तरी मोटारवाले मोटार सोडत नाहीत. हा आक्षेप बराचसा खरा आहे, आणि तो एस्टोनिया देशाची राजधानी टॅलिनमध्ये दिसून आला. तिथे २०१२ मध्ये नागरिकांचं मत घेतलं, मत देणाऱ्यांपैकी सुमारे पाऊण लोकांनी होकार दिला, आणि १ जानेवारी २०१३ पासून शहरात नोंद असलेल्या रहिवाशांना बस-ट्राम मोफत झाली. नोंदीची अट मोठी चलाखीची. तिथे माणसाच्या उत्पन्नकरातला काही वाटा तो ज्या गावचा रहिवासी म्हणून नोंदला आहे त्या गावाला मिळतो. शहरात राहणारे पण नोंद दुसरीकडे असलेले हजारो लोक मोफत बससाठी टॅलिनमध्ये नाव नोंदवून गेले, आणि तिकिटाचा तोटा भरून काढायला पालिकेला कर मिळाला. हिशेब जमला. मोटारी मात्र फारशा कमी झाल्या नाहीत. अभ्यासकांना असं दिसलं की बसमध्ये जे नव्याने आले त्यांत पूर्वी पायी जाणारे बरेच होते. आणि प्रवास ठळकपणे वाढला तो गरीब वस्त्यांत.

आता याला अपयश म्हणायचं का? रस्त्यावरची गर्दी कमी करणं एवढाच हेतू असेल तर म्हणा. पण मला त्या गरीब वस्तीतल्या बाईचा विचार येतो. पैसे वाचवायला ती पायपीट करत होती, आता बसने जाते. वाहतूक खात्याच्या तक्त्यात ही 'मोटार न सोडलेली' प्रवासी. तिच्या पायांना विचारा! मोटार कमी करायची तर मोटारीची जागा कमी करावी लागते, जसं हासेल्टने केलं. ते काम तिकिटाच्या माफीवर ढकलणं बरोबर नाही.

तिसरा आक्षेप आपल्याकडे सगळ्यांत जास्त ऐकू येतो: फुकट मिळालं की किंमत राहत नाही. अमेरिकेतल्या ऑस्टिनमध्ये १९८९ च्या ऑक्टोबरपासून १९९० च्या अखेरीपर्यंत बस मोफत होती. प्रवासी भरपूर वाढले, पण त्याबरोबर दंगेखोर पोरं आणि दारू पिऊन बसमध्ये लोळणारे यांचा त्रास इतका झाला की चालकांनीच हे थांबवा म्हणून आग्रह धरला. ही गोष्टही नोंदली पाहिजे. त्यातून एवढाच बोध घ्यावा की तिकीट काढून टाकलं म्हणून माणूस काढून टाकता येत नाही. आपल्याकडे कंडक्टर नुसतं तिकीट फाडत नाही. म्हातारीला चढवणं, पोरांना दटावणं, नीट उभे राहा म्हणून ओरडणं, हे सगळं तोच करतो. मोफत बसमध्येही तो हवाच.

पण 'फुकटची किंमत नसते' हे वाक्य ऐकलं की माझ्यातला मास्तर जागा होतो. कारण शिक्षणाच्या बाबतीतही आपण हाच रस्ता तुडवत आलो आहोत. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानाला लागू केलं. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये तशाच हेतूचं विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात मांडलं. पुढच्या वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. पैसे कुठून आणायचे, हा त्यावेळचाही एक मोठा प्रश्न होता. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापुरात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. आज प्राथमिक शाळेत फी नाही म्हणून अक्षरांची किंमत कमी झाली असं कोणी म्हणतं का? फी गेली याचा अर्थ शाळा फुकट चालते असा नाही. तिचा खर्च सगळे मिळून देतात, मूल नसलेलेही देतात, कारण शिकलेलं गाव सगळ्यांनाच हवं असतं.

आणि शाळेचा दुसरा धडा त्याहून महत्त्वाचा. फी माफ झाली म्हणून शाळा जवळ येत नाही. पाचवीनंतर शाळा दुसऱ्या गावात असली की मुलींची शाळा सुटायची. आपल्या राज्यात नव्वदच्या दशकापासून अहिल्याबाई होळकरांच्या नावाने योजना आहे. ज्या गावात पुढची शाळा नाही तिथल्या मुलींना शाळेसाठी एसटीचा मोफत पास. तिकिटाचा प्रश्न यातून सुटला. पण ज्यांनी ग्रामीण भागात शिकवलं आहे त्यांना विचारा. हजेरीपटावर मुलींची गैरहजेरी लागायची ती एसटी आली नाही त्या दिवशी. पास दप्तरात, आणि मुलगी फाट्यावर उभी! आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

गेल्या काही वर्षांत आपल्या देशात याच वाटेने मोठी पावलं पडली. दिल्लीने २९ ऑक्टोबर २०१९ रोजी, भाऊबीजेच्या दिवशी, बायकांना बसप्रवास मोफत केला आणि गुलाबी तिकीट दिलं. तमिळनाडूत मे २०२१ मध्ये स्टॅलिन यांनी मुख्यमंत्री झाल्या दिवशीच साध्या शहरी बससाठी तसा आदेश काढला. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून 'शक्ती' योजना आली, आणि जुलै २०२५ मध्ये तिच्यातल्या फेऱ्यांचा आकडा ५०० कोटींवर गेला. आपल्या एसटीत ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत आणि मार्च २०२३ पासून बायकांना अर्ध्या तिकिटात प्रवास आहे. या मोफत प्रवासालाही तिकीट मिळतं, शून्य रुपयांचं. कारण किती जण बसले ते मोजून सरकारकडून महामंडळाला पैसे मागायचे असतात. म्हणजे तिकीट आहेच, फक्त ते काढणारा बदलला. त्या शून्यामागे राज्याच्या तिजोरीतला खराखुरा रुपया आहे, आणि तो वेळेवर आला नाही तर उद्या टायर कशातून घ्यायचे? कर्नाटकात जानेवारी २०२५ मध्ये बसभाडं १५ टक्क्यांनी वाढलं, ते बायकांखेरीज इतरांच्या खिशाला लागलं. हासेल्टची गोष्ट इथे विसरून चालणार नाही.

आता मला जे मनापासून म्हणायचं आहे त्याकडे येतो.

१४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही वेशींवर मोटारींचा टोल माफ झाला. एका वेळचे ४५ रुपये. ठेकेदाराची भरपाई सरकारकडे, म्हणजे तुमच्या-माझ्याकडे. त्यावर आनंद झाला, आणि रेवडी हा शब्द निदान माझ्या कानावर तरी आला नाही. नवा सागरी किनारा रस्ता हजारो कोटी खर्चून झाला, त्यावरही टोल नाही. त्या रस्त्याचा सर्वांत मोठा उपयोग मोटारवाल्यांना. आणि बेस्टचं काय झालं? जुलै २०१९ मध्ये कमीत कमी भाडं ८ रुपयांवरून ५ रुपयांवर आणलं होतं आणि प्रवासी भराभर परतले होते. ९ मे २०२५ रोजी ते पाचाचे दहा झाले. पहिली ट्राम धावली त्याला त्याच दिवशी १५१ वर्षं पूर्ण झाली होती.

म्हणजे सात महिन्यांच्या आत एकाच शहरात मोटारीचा ४५ रुपयांचा टोल माफ झाला आणि बसचं तिकीट दुप्पट झालं. दोन्ही निर्णयांना आपापली कारणं असतील, बेस्टची तिजोरी रिकामी होती हे मलाही माहीत आहे. पण शहराने कोणाचा प्रवास फुकट करायचा हे ठरवलंच आहे, एवढं यातून दिसत नाही का? मोफत प्रवास हवा की नको हा वाद आपण घालतो तेव्हा एकाला तो आधीच मिळालेला असतो. धुणीभांडी करणारी बाई सकाळ-संध्याकाळ बस बदलून जाते, तिने दोनाचे चार तिकिटं काढायची, आणि मोटारवाल्याच्या रस्त्याचा पैसा सगळ्यांनी मिळून द्यायचा. हा न्याय मला तरी समजत नाही.

म्हणून माझं मत मोफत बसच्या बाजूने आहे. पण क्रम चुकता कामा नये. मुंबईत २०१० च्या सुमारास चार हजारांहून जास्त बस होत्या, २०२५ मध्ये त्या तीन हजारांच्याही खाली आल्या. अशा वेळी उद्या तिकीट शून्य केलं तर थांब्यावरची रांग तेवढी लांबेल. आधी बस हवी. दर दहा मिनिटांनी येणारी, आणि तिला रस्त्यात स्वतःची जागा असलेली. मग बसचा कायमचा पैसा ठरवावा. ज्यांना शहराचा सर्वाधिक फायदा होतो त्यांच्याकडून, म्हणजे मोठ्या कचेऱ्या, मोटारींचं पार्किंग, चढ्या भावाची जमीन यांतून तो यावा, आणि दरवर्षी कोणाच्या मर्जीवर अवलंबून नसावा. आणि मग तिकीट टप्प्याटप्प्याने काढून टाकावं: विद्यार्थी, बायका, कष्टकरी, शेवटी सगळेच. एसटीची पंचाहत्तरीची सवलत शहरी बसला लागू नाही, तिथूनही सुरुवात करता येईल. (यात म्हाताऱ्यांचा स्वार्थ आहे असं कोणी म्हटलं तर म्हणू दे!)

गोखल्यांचं विधेयक पडलं त्या दिवशी मोफत शाळा हे स्वप्नरंजन वाटलं असेल. त्यानंतर पाचच वर्षांनी शाहू महाराजांनी ते कोल्हापुरात करून दाखवलं. बसच्या बाबतीत आपण अजून १९१२ मध्ये आहोत एवढंच.

तुमच्या गावात बस किती वेळाने येते आणि तिचं भाडं किती आहे, जरूर कळवा. परदेशातल्या भाचरांनी आणि नातवंडांनीही तिकडचे अनुभव लिहावेत. फक्त 'आम्ही तर मोटारीनेच जातो' असं लिहू नये!